एकच नाव सांगा!

गेल्या जानेवारीत शहापुरात शाळकरी मुलांची एक प्रश्नमंजुषा झाली. विषय होता राष्ट्रीय एकात्मता. कोणी भरवली ते लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या मंडळींशी नाही. ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या एका सवयीशी आहे. मी तिथे गुण लिहायला बसलो होतो.

शेवटच्या फेरीत दोघं उरले. एक शहापुरातलाच मुलगा आणि एक डोळखांबकडच्या आश्रमशाळेतली नववीची मुलगी. दोघांचे गुण सारखे. पहिलं बक्षीस सायकल, दुसरं भिंतीवरचं घड्याळ. तिच्या शाळेच्या मुली खुर्च्यांच्या कडेला येऊन बसल्या होत्या.

प्रश्न आला, “‘एक अनेक और एकता’ ही प्रसिद्ध कार्टून फिल्म कोणी बनवली?”

मुलीने आधी घंटी वाजवली. म्हणाली, “विजया मुळे आणि भीमसैन.”

सूत्रसंचालक म्हणाले, “एकच नाव सांगायचं.”

“सर, दोघांनी केलीय.”

“प्रश्न नीट ऐक. कोणी बनवली? एकच नाव सांग.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “विजया मुळे.”

“चूक.”

मागून कोणीतरी हसत म्हणालं, “त्या नटी आहेत ना, ‘लगान’मधल्या?” प्रश्न मुलाकडे गेला. तो म्हणाला, “भीमसेन.” सूत्रसंचालकांच्या हातातल्या कागदावर हेच छापलेलं होतं, ‘भीमसेन’. त्यांनी उत्साहात माइक उंचावला. “अगदी बरोबर! भारतरत्न पंडित भीमसेन जोशी!” टाळ्या पडल्या. मी मुलाच्या नावापुढे दहा गुण लिहिले.

मला बरोबर उत्तर माहीत होतं. तरी मी ते दहा गुण लिहिले. हा लेख त्या दहा गुणांबद्दल आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी सूत्रसंचालकांना गाठलं. म्हटलं, “सर, उत्तर चुकलं. पंडितजींचा या फिल्मशी काही संबंध नाही.” ते चांगले गृहस्थ आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, “अरे, असू दे. गाणं पोरांपर्यंत पोचलं ना? नावाने काय फरक पडतो?”

या एका वाक्याशी मला भांडायचं आहे. नावाने फरक पडत नसेल, तर नावाचा प्रश्न विचारला कशाला? आणि त्या नावावर सायकल लावली कशाला?

आधी फिल्म

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी. ही जेमतेम सात मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आहे. बागेत खेळणाऱ्या लहान मुलांना एक मोठी ताई ‘एक’ म्हणजे काय आणि ‘अनेक’ म्हणजे काय ते समजावते. मग गोष्ट सांगते. दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्या पारध्याच्या जाळ्यात अडकतात, सगळ्या मिळून जाळ्यासकट उडतात, आणि त्यांचे मित्र उंदीर जाळं कुरतडून त्यांना सोडवतात. शेवटी देशाच्या एकतेचं गाणं येतं. पंचतंत्रातल्या चित्रग्रीव कबुतराची आणि हिरण्यक उंदराची गोष्ट ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे जाळं ओळखीचं वाटेल. फिल्मचे बनवणारे मोजायचे, तर या जुन्या गोष्टीपासूनच सुरुवात करावी लागेल.

फिल्म १९७४ ची. निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं. चित्रांची घडण आणि अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. संगीत वसंत देसाई यांचं. शेवटचं गाणं पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी लिहिलेलं. आणि त्या बालआवाजांत एक आवाज आहे साधना सरगम यांचा. त्यांचा जन्म १९६९ चा, म्हणजे त्या वेळी त्या चिमुरड्याच होत्या.

या नावांमधली मराठी माणसंच मोजून बघा. विजया मुळे १९२१ साली मुंबईत जन्मल्या. पाटण्याला त्यांनी फिल्म सोसायटी चालवली. १९५९ मध्ये देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते, आणि तो उभा करणाऱ्यांत विजयाताई होत्या. सुहासिनी मुळे त्यांची मुलगी. म्हणजे मागून हसणाऱ्या त्या गृहस्थांना मुलगी माहीत होती, आईचा पत्ता नव्हता. वसंत देसाई कुडाळ तालुक्यातल्या सोनवडे गावचे. प्रभातमध्ये घडले, शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं संगीत त्यांचं. साधना सरगम, मूळच्या घाणेकर, दाभोळच्या. आणि आपण शहापुरात बसून या सगळ्यांना बाजूला सारलं आणि त्यांच्या जागी एक असा मोठा माणूस बसवला, ज्याला या खोट्या मानाची काहीएक गरज नव्हती.

चूक झाली कशी?

कागदावर ‘भीमसेन’ छापलं होतं. खरं नाव ‘भीमसैन’, पूर्ण नाव भीमसैन खुराना. १९३६ साली मुलतानला जन्म, फाळणीनंतर इकडे. फिल्म्स डिव्हिजनमध्ये ते पार्श्वभूमीची चित्रं रंगवायला लागले आणि तिथेच अ‍ॅनिमेशन शिकले. १९७० ची त्यांची ‘द क्लाइंब’ शिकागोच्या महोत्सवात गौरवली गेली. पुढे १९७७ साली त्यांनी ‘घरौंदा’ दिग्दर्शित केला. मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या जोडप्याचा तो सिनेमा. रोज पहाटे आसनगावहून लोकल पकडणाऱ्यांनी तर तो बघायलाच हवा.

आता मराठी माणसाने ‘भीमसैन’ टाइप केलं की बोट आपोआप ‘भीमसेन’कडे वळतं. आणि भीमसेन म्हटलं की आपल्याला एकच भीमसेन आठवतात. त्यात पंडितजींच्या आवाजाने सुरू होणारं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हेही एकतेचंच गीत. ते १९८८ सालचं, म्हणजे चौदा वर्षांनंतरचं. एक मात्रा बदलली, दोन गाणी डोक्यात एकमेकांत मिसळली, आणि एका चित्रकाराचा गायक झाला.

अशा चुका पकडायला संशोधक व्हावं लागत नाही. तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या तरी पुरतं. माझी आई शपथेवर सांगते की ही फिल्म ऐंशीच्या दशकातली आहे. तिचं खरंच आहे, कारण तिने ती तेव्हाच पाहिली. आळीत एकाच घरी टीव्ही होता आणि पोरं दारात चपला काढून बसायची. पण पाहिल्याचं वर्ष म्हणजे बनवल्याचं वर्ष नव्हे. “रंगीत आहे, म्हणजे १९८२ नंतरची असणार,” असंही मला ऐकवण्यात आलं. रंग १९८२ साली टीव्हीत आला. फिल्मच्या रिळात तो कितीतरी आधीपासून होता. “दूरदर्शनने बनवली,” हे तर सगळेच म्हणतात. दूरदर्शनने ती दाखवली, पुन्हा पुन्हा दाखवली, आणि आपल्या घरात आणली हे श्रेय त्याचं नक्की आहे. पण दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते १९७६ साली. फिल्म तोवर तयार होऊन दोन वर्षं झाली होती.

यातलं काहीच पाठ नसलं तरी एक तारीख पुरेशी आहे. वसंत देसाई २२ डिसेंबर १९७५ रोजी लिफ्टच्या अपघातात गेले. ज्या फिल्मचं संगीत त्यांचं, ती ऐंशीच्या दशकात बनेल कशी? दोन मिनिटांचं काम आहे. फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागतात, एवढाच काय तो फरक.

‘कोणी’ म्हणजे एकच का?

पण समजा कागदावर ‘भीमसैन’ असं अचूक छापलेलं असतं. तरी त्या मुलीवर अन्यायच झाला असता. मला खरा राग याचा आहे.

एप्रिल २०१८ मध्ये भीमसैन गेले, तेव्हा लोकांनी हळहळून लिहिलं की ‘एक अनेक’ बनवणारा माणूस गेला. मे २०१९ मध्ये विजया मुळे गेल्या, तेव्हा लिहिलं गेलं की ‘एक अनेक’ बनवणारी बाई गेली. दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एकत्र ठेवली तरच पुरती खरी आहेत. एकीने काय सांगायचं आणि कसं सांगायचं ते ठरवलं, दुसऱ्याने त्याला रेघा, रंग आणि हालचाल दिली. त्या चिमणीच्या पंखांची फडफड भीमसैनांची. त्या सात मिनिटांमागचा विचार विजयाताईंचा. तुमच्या कानात आत्ता वाजत असलेली चाल देसाईंची. यातलं कोणतं काढून घेतलं तर फिल्म उरेल?

‘कोणी’ हा शब्द मराठीत एकालाही चालतो आणि अनेकांनाही. आश्रमशाळेतल्या त्या मुलीने तो मराठीत ऐकला आणि मराठीतच उत्तर दिलं. आपण सगळे मात्र ‘कोणी’ असं ऐकलं की एकाच माणसाचं नाव शोधतो. शोधपट्टीच्या वरच्या चौकटीत एक नाव बसतं. पर्यायी प्रश्नाच्या चार गोलांपैकी एकच गोल काळा करायचा असतो. रीलवर एकच टॅग ठळक दिसतो. आणि आता एआयला विचारलं तर तोही तुमच्या प्रश्नाच्या मापाचंच उत्तर देणार. प्रश्न एकवचनी असेल तर तो एक नाव काढून हातात ठेवेल, आणि इतक्या आत्मविश्वासाने ठेवेल की तुम्ही दुसऱ्याची चौकशीसुद्धा करणार नाही.

एकतेवरच्या फिल्मबद्दल, एकात्मतेवरच्या स्पर्धेत, एका मुलीने दोन नावं घेतली म्हणून तिला थांबवलं गेलं. फिल्मच्या पहिल्या मिनिटात लहान मुलांना जे शिकवलं जातं, ते त्या सभागृहात आम्हा मोठ्यांपैकी एकालाही आठवलं नाही. मी धरून.

हा रोग जुना आहे

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मिकी माऊस म्हटलं की वॉल्ट डिझ्नी आठवतात. तो कागदावर उतरवणारे अब आयवर्क्स किती जणांना माहीत आहेत? १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’साठी हजारो चित्रांवर शाई आणि रंग चढवणाऱ्या बायकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. मे १९४१ मध्ये डिझ्नीच्या कलाकारांनी संप केला. त्यांच्या तक्रारींत पगार होता, तसं पडद्यावरचं नावही होतं. नावाने फरक पडत नसता, तर लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले असते का?

गेल्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, जी अ‍ॅनिमेशन रामायणाची फिल्म पुन्हा थिएटरात लागली आणि तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली, तिला सगळे काय म्हणतात? ‘जपानी रामायण’. युगो साको यांची जिद्द त्यामागे होती, हे खरंच. पण दिग्दर्शकांत आपले राममोहनही होते आणि संगीत वनराज भाटिया यांचं होतं. हे राममोहन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातूनच पुढे आले. ‘जपानी’ या एका विशेषणाने त्यांना पुसून टाकलं, आणि आपण वर तक्रार करतो की भारतात अ‍ॅनिमेशन कोणाला जमतच नाही.

शहापुरात हे बोलू नये

“नावाने काय फरक पडतो,” हे वाक्य मुंबईत कोणी म्हटलं असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. शहापूर-मुरबाडात ते मला सहन होत नाही.

दर जुलैत बातमी येते, ‘मुंबईचे तलाव भरले’. तानसा आपल्या तालुक्यात. भातसा आपल्या तालुक्यात. पाऊस आपल्या डोंगरांवर पडतो, जमिनी आपल्या लोकांच्या बुडाल्या, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. बातमीत मात्र तलाव मुंबईचे. षष्ठीचा तो एक प्रत्यय आपल्याला दर वर्षी टोचतो, हो ना? मग नाव कोणाचं लागतं याने काय फरक पडतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि मुरबाडकरांनो, सिद्धगड आठवा. २ जानेवारी १९४३. भाई कोतवालांचं नाव आपण घेतो आणि घ्यायलाच हवं. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी, त्याच जागी हिराजी पाटील पडले. सिद्धगडावर दोघांचं स्मरण होतं, पण खाली उतरेपर्यंत भाषणांत बरेचदा एकच नाव उरतं. आझाद दस्त्यातल्या बाकीच्यांना तर रस्त्यांवरच्या फलकांवरही जागा नाही. कोतवालांचा मोठेपणा हिराजींचं नाव घेतल्याने एका तिळाने कमी होत नाही. पंडितजींचाही भीमसैनांचं नाव घेतल्याने झाला नसता.

एक फिल्म आणि एक हौतात्म्य यांची मी बरोबरी करत नाहीये. सवय एकच आहे, एवढंच म्हणतोय. मोठं, ओळखीचं नाव हाताशी असलं की तेच सगळ्यांच्या जागी चिकटवून मोकळं व्हायचं. या सवयीत कायम तोटा कोणाचा होतो तेही बघा. बाईचा होतो, पडद्यामागच्याचा होतो, लांबच्या गावातल्याचा होतो. त्या दिवशी सभागृहात तोटा झाला तो मुळेबाईंचा आणि त्या मुलीचा, एकाच वेळी.

“तू फारच ताणतोयस”

हे मला मित्राने सांगितलं. म्हणाला, “प्रत्येक गाण्याखाली पन्नास नावं लिहीत बसायचं का? लोकांना आनंद घेऊ दे ना.”

आनंदाला माझी हरकत नाही. लोकलमध्ये तुम्ही ती फिल्म बघत असाल, तर खुशाल बघा, गुणगुणा, कोणाचं नाव आठवलं नाही तरी बिघडत नाही. माणूस विसरतो. माझी आई वर्ष चुकली म्हणून मी तिच्याशी भांडलो नाही. पण ज्या क्षणी तुम्ही इतरांना माहिती देऊ लागता, प्रश्न काढता, कॅप्शन लिहिता, बक्षीस ठेवता, त्या क्षणी तुमची जबाबदारी वेगळी होते. तेव्हा तुम्ही नुसते प्रेक्षक नसता. पुढच्या माणसाच्या डोक्यात काय जाणार ते तुम्ही ठरवत असता.

दुसरी बाजूही मान्य करतो. बरोबर माहिती असलेली माणसं अनेकदा असह्य असतात. चारचौघांत दुसऱ्याची चूक काढून मिरवणं म्हणजे खरेपणा नव्हे. पण त्या सभागृहात माझी अडचण उलटी होती. मी नम्रपणाच्या नावाखाली गप्प बसलो, आणि माझ्या त्या नम्रपणाची किंमत चौदा वर्षांच्या एका मुलीने मोजली.

मग करायचं काय? फार नाही. ‘कोणी बनवली’ असं विचारण्याऐवजी ‘दिग्दर्शन कोणाचं, चित्रं कोणाची, संगीत कोणाचं’ असं विचारा. प्रश्न कामाचा असला की माणूस आपोआप सापडतो. पहिल्यांदा कळलेलं नाव निदान एका दुसऱ्या ठिकाणी पडताळा, आणि ते दुसरं ठिकाण पहिल्याचंच कॉपी-पेस्ट नाही ना, ते बघा. माणसाच्या जन्म-मृत्यूची सालं कामाच्या सालाशेजारी ठेवा. फिल्मच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पाट्या कापून वर स्वतःचा लोगो चिकटवलेली प्रत शेअर करू नका. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं, तरी त्यांनी यूट्यूबवर ठेवलेल्या फिल्म आहेत. त्या बघा. पाट्या आल्या की पॉज करा. आणि चूक कळली की ती जिथे केली तिथेच दुरुस्त करा, जितक्या मोठ्या आवाजात केली होती तितक्याच मोठ्या आवाजात.

त्या शेवटच्या वाक्याला मीही बांधील आहे. म्हणून हे लिहिलं. आयोजकांना मी लेखी कळवलं आहे की अंतिम फेरीचे गुण मी चुकीचे मांडले, आणि माझं म्हणणं आहे की पहिलं बक्षीस दोघांना समान जाहीर व्हावं. त्या मुलाची सायकल काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याची काही चूक नाही, त्याने जे छापलेलं होतं तेच सांगितलं. दुसऱ्या सायकलचे पैसे वर्गणीने जमतील, माझा वाटा मी वेगळा काढून ठेवला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

बक्षीस वाटून झाल्यावर ती मुलगी घड्याळाचा खोका छातीशी धरून गाडीची वाट बघत उभी होती. मी तिला विचारलं, “तुला ही नावं कुठून कळली?” ती म्हणाली, “बाईंनी मोबाइलवर फिल्म दाखवलेली. मग म्हणाल्या, नावं वहीत उतरवा.” मग जरा थांबून तिनेच मला विचारलं, “सर, बाईंचं चुकलं का?”

तेव्हा गाडी आली आणि मी नीट काही बोललो नाही. आज सांगतो. बाईंचं काही चुकलं नाही, आणि तुझंही नाही. तुझं पहिलं उत्तरच बरोबर होतं. दोन्ही नावांसकट.